शाकुंतलाच्या चाली : पुणे आणि व्हिएन्ना

१

एकोणिसाव्या शतकातील मराठी नाटकाविषयी पदव्युत्तर वर्गात विवेचन चालले असता एका विद्यार्थिनीने विचारले, "संगीत शाकुंतलाचा संगीतकार कोण?" प्रश्न अगदी साधा होता, परंतु उत्तर देताना प्रस्तुत लेखकाला अडखळावे लागले. 'अण्णासाहेब किर्लोस्कर' हे उत्तर चूक नव्हे, पण ते पुरेसेही नव्हे. कालिदासाच्या नाटकाचे मराठीकरण अण्णासाहेबांचे, पदे अण्णासाहेबांची आणि कोणते पद कोणत्या चालीवर म्हणावयाचे हा निर्णयही त्यांचाच. मात्र त्या चाली बव्हंशी त्यांच्या पूर्वीपासून लोकांच्या कानांत घोळत असलेल्या होत्या. ब्राम्स, गोल्डमार्क, वाइनगार्टनर इत्यादी समकालीन युरोपीयांना ज्या अर्थाने 'कंपोजर' म्हणतात, त्या अर्थाने अण्णासाहेबांना कंपोजर म्हणता येईल काय? आणि येत नसेल, तर त्यांनी जे केले त्याला नाव कोणते द्यावयाचे?

ही अडचण प्रथमतः शब्दाची आहे. 'संगीत-दिग्दर्शक' हा शब्द बोलपटाबरोबर रूढ झाला. 'स्वररचनाकार' हा अलीकडे घडविलेला आहे. 'संगीतकार' हा शब्द इतका सैल आहे की त्यात गवई, वादक आणि रचनाकार असे सर्वच सामावतात. मराठी माणूस सहजगत्या जे बोलतो ते निराळेच आहे. तो म्हणतो, 'चाल लावली', 'चाल दिली', 'अमक्याच्या चालीवर म्हटले'. चाल म्हणजे चालण्याची ढब. चाल म्हणजे रीत, वहिवाट. आणि चाल म्हणजे गाण्याचे वळणही. ह्या तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे : चाल एकट्याच्या मालकीची नसते. एकाने पाडलेल्या वाटेवरून दुसऱ्याने जावे, तसे एका गाण्याच्या चालीवरून दुसरे गाणे जाते. ह्याउलट जर्मन संगीतज्ञ ज्याला 'पार्टिटूर' म्हणतात, तो शब्द विभागणीच्या कल्पनेतून आला आहे. पानावर रेषा आखून प्रत्येक वाद्याचा वाटा वेगळा मांडलेला, रचनाकाराच्या नावाने मुद्रित झालेला तो एक लेख असतो.

एकाच नाटकाला एकाच कालखंडात ही दोन्ही प्रकारची संगीत-जीवने लाभली, ही योगायोगाची गोष्ट अभ्यासकाच्या फार उपयोगाची आहे. युरोपीय संगीतातील स्वच्छंदतावादाचा उत्तरकाळ आणि मराठी संगीत नाटकाचा उदयकाळ एकच आहेत, आणि 'शाकुंतल' दोन्हीकडे आहे. ह्या दोन जीवनांची तुलना करून एक मुद्दा मांडण्याचा येथे विचार आहे. तो असा की, चालीची निवड ही स्वतःच एक अर्थनिर्मिती होती. आणि छापील पुस्तकांतील 'चाल' ह्या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी मुक्या होत चालल्या असताना आपण केवळ सूरच नव्हे, तर त्या पदांच्या अर्थाचा एक थर गमावीत आहो.

२

युरोपातील कथा प्रथम पाहू. सर विल्यम जोन्स ह्यांचे इंग्रजी भाषांतर १७८९ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. त्यावरून गेओर्ग फोर्स्टर ह्यांनी १७९१ साली जर्मन भाषांतर केले आणि ते गटेच्या हाती पडले. गटेने ह्या नाटकाचा केलेला गौरव आपल्याकडे इतका परिचित आहे की त्याची पुनरुक्ती नको. संगीतात मात्र शकुंतलेचा प्रवेश कसा झाला, हे तितकेसे परिचित नाही. शूबर्टने १८२० साली ह्या विषयावर ऑपेरा लिहावयास घेतला आणि तो अपुराच सोडला. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात एर्नेस्त रेये ह्याच्या संगीतावर शकुंतलेचे नृत्यनाट्य झाले. त्याची कथा तेओफील गोतिये ह्या कवीने रचली होती.

त्यानंतर १८६५ साली व्हिएन्नात कार्ल गोल्डमार्क ह्याची 'शाकुंतल' ही वाद्यवृंदरचना प्रथम वाजविली गेली. गोल्डमार्क हंगेरीतील केस्टहे गावी १८३० साली जन्मला. यहुदी प्रार्थनामंदिरातील गायकाचा हा मुलगा बरीचशी विद्या स्वतःच्याच परिश्रमाने मिळवून व्हिएन्नात स्थिरावला. ह्या एका रचनेने त्याचे नाव युरोपभर झाले. तिला रूढ अर्थाने नाटकाची प्रस्तावना म्हणता येणार नाही, कारण तिच्यामागून पडदा उघडत नाही. नाटक तिच्यातच घडते. मुद्रित पार्टिटूरच्या आरंभी शकुंतलेच्या कथेचा सारांश दिलेला आहे, एवढाच शब्दांचा आधार. पुढील सुमारे अठरा मिनिटांत एकही शब्द नाही. खर्जातील तंतुवाद्यांच्या दाट, काहीशा झाकोळलेल्या सुरांनी आरंभ होतो. मग क्लॅरिनेट आणि चेलो ही वाद्ये एक लांब, मृदू स्वरवाक्य घेऊन येतात. पुढे दुष्यंताच्या मृगयेची चाहूल लागते. आणि शेवटी सर्व वाद्यवृंद पुनर्मीलनाचा जयघोष करतो.

उत्तर-स्वच्छंदतावादी संगीतातील आवडत्या रचना कोणी विचारल्या, तर प्रस्तुत लेखक ही रचना पहिल्या चारपाचांत सांगेल. ब्राम्सच्या रचनांतील घट्ट वीण हिच्यात नाही, हे मान्य. परंतु आरंभीच्या त्या खर्जात अरण्याची जी गूढ शांतता आहे, ती कालिदास न वाचलेल्या माणसालाही जाणवते. तिच्यात भारतीय संगीत मात्र औषधालाही नाही. गोल्डमार्कच्या शकुंतलेने एकही राग ऐकलेला नाही. ती व्हिएन्नाच्या सुरांत बोलते, आणि त्यात अप्रामाणिक असे काही नाही. कथा हाती होती, संगीत नव्हते. तेव्हा त्याने स्वतःचे दिले.

पुढे १८८४ साली फेलिक्स वाइनगार्टनर ह्याचा 'शाकुंतल' हा ऑपेरा वायमार येथे रंगभूमीवर आला. त्या वेळी रचनाकार अवघा वीस वर्षांचा होता. ऑपेराचे शब्दही त्याचेच होते, आणि वृद्ध लिस्टचे पाठबळ त्याला लाभले होते. ह्या परंपरेचे उशिरा आलेले फळ म्हणजे इटालियन रचनाकार फ्रांको आल्फानो ह्याचा १९२१ साली बोलोन्या येथे झालेला ऑपेरा. त्याचीही संहिता रचनाकाराने स्वतःच सिद्ध केली होती. त्या ऑपेराच्या पार्टिटूरवर पुढे जो प्रसंग गुदरला, त्याचा उल्लेख शेवटी करावयाचा आहे.

३

आता पुण्याकडे वळू. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) हे मूळचे गुर्लहोसूरचे, म्हणजे मराठी-कानडी सीमाप्रदेशातले. सरकारी नोकरी सांभाळून नाटकाचा नाद करणारे हे गृहस्थ. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, शंकरराव मुजुमदार ही मंडळी त्यात होती आणि अण्णासाहेब स्वतः सूत्रधार होते.

'शाकुंतल' मराठीत येण्याची ही पहिली वेळ नव्हे. परशुरामपंततात्या गोडबोले ह्यांचे भाषांतर १८६१ साली निघाले होते आणि शिकलेल्या मंडळींत ते वाचले जात होते. नाटकात गाणे असणे हीदेखील नवलाई नव्हती. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे ह्यांनी नाटकाचा जो प्रकार सुरू केला, त्यात गायन होतेच. पण ते सूत्रधाराच्या वाट्याचे. पात्रांच्या मनातले सूत्रधाराने गावे आणि पात्रांनी हावभाव करून भाषणे करावी, अशी ती विभागणी होती. अण्णासाहेबांनी ही विभागणी मोडली. शकुंतलेचे दुःख शकुंतलेनेच गावे, कण्वाचा गहिवर कण्वाच्याच गळ्यातून यावा, अशी योजना त्यांनी केली.

त्या पहिल्या प्रयोगात नाटकाचे पहिले चारच अंक झाले, ह्या गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. चौथ्या अंकाचा शेवट म्हणजे शकुंतलेची पाठवणी. दुष्यंताने केलेला अव्हेर, अंगठीची ओळख आणि मारीचाश्रमातील पुनर्मीलन हे सर्व पुढच्या अंकांतले. म्हणजे गोल्डमार्कच्या श्रोत्यांना अठरा मिनिटांत पुनर्मीलनाचा जयघोष ऐकावयास मिळाला होता, तर पुण्याचा प्रेक्षक त्या रात्री सासरी निघालेल्या मुलीला निरोप देऊन घरी परतला. मुली लहानपणीच सासरी जाण्याचा तो काळ होता. घरी परतणाऱ्या कित्येकांनी आपापल्या घरून अशी पाठवणी केलेली असणार.

४

त्या प्रेक्षकाने कोणते संगीत ऐकले? येथे थोड्या तांत्रिक तपशिलात शिरणे भाग आहे.

कालिदासाचे श्लोक अक्षरगणवृत्तांत आहेत. कण्वाचा निरोपाचा सुप्रसिद्ध श्लोक शार्दूलविक्रीडितात आहे : चरणाची अक्षरे १९, त्यांचे लघुगुरू ठरलेले, मात्रा मोजल्यास ३०. समासांनी भरलेले असे वृत्त मराठीत तसेच उतरविले तर पंडिती वळणाची कविता होते. ती वाचता येते, पण रंगमंचावर गळ्यातून सहज वाहत नाही. अण्णासाहेबांनी अशा आशयाला साकी, दिंडी, अंजनीगीत इत्यादी जातींत आणि नाना चालींच्या पदांत वाट करून दिली. दिंडीच्या चरणात मात्रा १९, नऊ आणि दहा अशा तुटणाऱ्या. साकीच्या २८, सोळा आणि बारा अशा. लघुगुरूंचा क्रम मोकळा, मात्रांची बेरीज पक्की. संस्कृत श्लोकातील घट्ट मुठीत धरलेला अर्थ येथे बोटे उघडून दाखवावा लागतो. जे एका सामासिक पदात होते ते दोन ओळींत येते, आणि त्या ओळींत घरातले मराठी शब्द बसतात.

परंतु साकी आणि दिंडी हे केवळ मात्रांचे हिशेब नव्हते. त्या काळच्या श्रोत्याने हे प्रकार ऐकलेले असत ते प्रामुख्याने हरिकीर्तनात. बुवांनी आख्यान लावावे, कथेतील करुण प्रसंग यावा आणि तेथे साकी किंवा दिंडी निघावी, हा त्याच्या कानांचा संस्कार होता. त्याच श्रोत्याने लावणी ऐकलेली होती, स्त्रियांची गाणी ऐकलेली होती, गवयांच्या बैठकीतील चिजा ऐकलेल्या होत्या. आणि अण्णासाहेबांच्या स्वतःच्या कानांत त्यांच्या मुलखातील कानडी चालीही होत्या. ह्या सर्व भांडारातून त्यांनी वेचावेच केली. छापील नाटकात पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' असा निर्देश करून ज्या गाण्याच्या वळणावर पद म्हणावयाचे त्याचे पहिले शब्द देण्याचा प्रघात पडला. त्या दोनचार शब्दांत सारी स्वरलिपी सामावलेली असे. ज्याला ते गाणे ठाऊक, त्याला एवढे पुरे.

ह्या ठिकाणी भाषेच्या अभ्यासकाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मूळ 'शाकुंतला'त रंगावर किंवा पडद्याआड गाऊन म्हटलेली अशी दोन गीते ठळक आहेत : प्रस्तावनेतील नटीचे ग्रीष्मगीत आणि पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गीत. दोन्ही प्राकृतात आहेत. आणि नाटकातील प्राकृत गीताची भाषा संकेताने महाराष्ट्री असते. पात्रे बोलताना संस्कृत किंवा शौरसेनी बोलतील, पण गाण्याची भाषा महाराष्ट्री. ज्या भाषेच्या वंशात मराठीचा जन्म झाला, तीच ह्या नाटकाची गाण्याची भाषा होती. अण्णासाहेबांनी कण्वाच्या आणि दुष्यंताच्याही तोंडी मराठी गाणे घातले, तेव्हा कालिदासाने दोन गीतांपुरता दिलेला अधिकार त्यांनी सबंध नाटकावर पसरविला, असे म्हणावयास हरकत नाही.

५

तेव्हा अण्णासाहेबांना काय म्हणावे? ह्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीवर तेराव्या शतकात लिहून ठेवलेले आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त वाग्गेयकाराचे लक्षण केले आहे. गीतातील शब्द म्हणजे 'मातु' आणि स्वररचना म्हणजे 'धातु'. दोन्ही जो निर्माण करतो तो वाग्गेयकार. व्याकरणात ज्याला आपण धातू म्हणतो, त्याच शब्दाने येथे चाल दर्शविली आहे, हे आमच्या शाखेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. शार्ङ्गदेवाने वाग्गेयकारांच्या प्रती लावल्या आहेत आणि त्याच ओघात दुसऱ्याच्या धातूवर स्वतःचा मातु रचणाऱ्याला वेगळे नावही दिले आहे : 'कुट्टिकार'.

ह्या व्याख्येप्रमाणे 'शाकुंतला'चे कर्ते बव्हंशी कुट्टिकार ठरतात, आणि शार्ङ्गदेवाच्या लेखी हे पद मानाचे नाही. उत्तम वाग्गेयकाराच्या पंक्तीला कुट्टिकार बसत नाही. युरोपीय कसोटी लावली तरी निकाल तोच : चाल स्वतःची नाही, म्हणून कंपोजर नव्हे. दोन भिन्न परंपरांचा निर्णय एक आल्यावर प्रकरण मिटले, असे वाटावयाचे. परंतु ते मिटत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि ह्या मताला पहिला साक्षीदार युरोपातलाच मिळतो.

ज्या १८८० सालात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ब्राम्स आपली 'अकॅडेमिक फेस्टिव्हल' ही वाद्यवृंदरचना लिहीत होता. ब्रेस्लाउ विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. तिची उतराई म्हणून ही रचना. जानेवारी १८८१ मध्ये ब्रेस्लाउ येथे ती त्याने स्वतः वाजवून घेतली. ह्या भारदस्त रचनेत ब्राम्सने योजलेल्या मुख्य सुरावटी त्याच्या नव्हेत. जर्मन विद्यार्थी मेळाव्यांत म्हणत असत ती ती गाणी आहेत. सभागृहातील प्रत्येक पदवीधराला ती पाठ होती. ते सूर गंभीर वाद्यांतून निघू लागले म्हणजे त्यामागचे न उच्चारलेले शब्द त्याच्या मनात जागे व्हावे आणि ओठांवर हसू यावे, हाच तर रचनेतील डाव. शब्द कोठेही नाहीत, पण अर्थ आहे. आणि तो अर्थ जुन्या चालीने वाहून आणलेला आहे. ब्राम्सला ह्याबद्दल कुट्टिकार कोणी म्हणत नाही.

अर्थात ब्राम्सने त्या सुरावटींचा जो विस्तार केला, तसा विस्तार अण्णासाहेबांनी केला नाही, हा भेद मान्य केलाच पाहिजे. पण आपला मुद्दा विस्ताराचा नसून निवडीचा आहे. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर पदातील शब्दांना अभिधा असते आणि चालीला व्यंजना. कीर्तनातील साकीच्या वळणावर शकुंतलेचा विलाप आला, म्हणजे सीतेच्या वनवासाचे, द्रौपदीच्या धाव्याचे जे जे करुण श्रोत्याने त्या वळणावर ऐकलेले असेल ते सर्व त्या विलापाच्या मागे येऊन उभे राहते. शृंगारासाठी लावणीचे वळण निवडणे किंवा ते हेतुतः टाळणे ह्यालाही अर्थ आहे. नवी कोरी चाल कितीही सुंदर असली तरी हे काम ती पहिल्या दिवशी करू शकत नाही; कारण तिला अद्याप स्मृती नसते.

युरोपलाही हे पूर्वी ठाऊक होते. १७२८ साली लंडनमध्ये गाजलेला जॉन गे ह्याचा 'बेगर्स ऑपेरा' सर्वस्वी लोकांना परिचित असलेल्या चालींवर उभा होता, आणि त्यातील उपहासाची अर्धी धार ह्या ओळखीतूनच येत होती. पुढे एकोणिसाव्या शतकात 'स्वतःची निर्मिती' ह्या कल्पनेला जे माहात्म्य प्राप्त झाले, त्याने ही रीत तेथे गौण ठरविली. तेव्हा 'चालीवर रचणे' ही संगीताची बाल्यावस्था होय, हा समज इतिहासाला धरून नाही.

६

मनात असा प्रश्न येतो की, व्हिएन्नात आणि पुण्यात एकाच शकुंतलेचे संगीत चालले असता एकाची वार्ता दुसऱ्याला लागावयास मार्ग होता काय? मार्ग होता, आणि तो चांगला रहदारीचा होता. पण त्यावरून जात होते ते ग्रंथ. १८८० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फ्रांत्स कीलहॉर्न हे जर्मन पंडित संस्कृतचे प्राध्यापक होते आणि पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती त्याच सुमारास निघू लागली होती. मुंबई इलाख्यात अनेक वर्षे काम केलेले गेओर्ग ब्यूलर १८८१ साली व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८८६ साली व्हिएन्नात प्राच्यविद्यापंडितांची परिषद भरली, तिला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुण्याहून गेले. म्हणजे अण्णासाहेबांच्या गावचा सर्वश्रेष्ठ संस्कृतज्ञ गोल्डमार्कच्या गावी जाऊन आला.

'शाकुंतला'च्या संहितेविषयी ह्या दोन टोकांत बारकाईची चर्चा होऊ शकत होती. जोन्सने भाषांतर केले ते बंगाली पाठावरून. पश्चिम भारतात देवनागरी पाठ रूढ. पिशेलने १८७७ साली बंगाली पाठाची आवृत्ती काढून त्याची बाजू मांडली. एखाद्या श्लोकातील एका शब्दासाठी कील येथे, पुणे आणि व्हिएन्ना येथे पोथ्या उलगडल्या जात होत्या. संगीताचे मात्र असे काही होऊ शकत नव्हते. गोल्डमार्कच्या रचनेला लिपी होती, पण ती वाचून वाजवील असा वाद्यवृंद पुण्यात नव्हता. आणि अण्णासाहेबांच्या पदांची लिपी म्हणजे 'चाल' ही एक ओळ, जी पुण्याच्या कानावाचून कोणालाच वाचता येत नव्हती. ग्रंथ प्रवास करू शकला, कारण त्याचा वाचक दोन्ही टोकांना होता. सुरांना तसा वाचक नव्हता.

स्वरलेखनाची खटपट आपल्याकडे त्या काळात चालली नव्हती असे नाही. पुण्यात गायन समाज १८७४ साली स्थापन झाला होता. बडोद्यास मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती सिद्ध केली होती. पुढे पंडित भातखंडे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी हे कार्य मोठ्या प्रमाणावर नेले. पण त्या प्रयत्नांचा मुख्य रोख रागसंगीताकडे राहिला. नाटकाची चाल ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. ती लिहून ठेवावी असे कोणाला कशाला वाटेल?

७

ह्या 'सर्वांना ठाऊक' असण्यातच पुढील विस्मृतीचे बीज आहे. आमच्या घरी 'संगीत शाकुंतला'ची एक जुनी प्रत आहे. ती आजोबांची. तिच्यात बऱ्याच पदांच्या डोक्यावरील छापील चालीशेजारी शिसपेन्सिलीने दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले शब्द लिहिलेले आहेत. उघडच आहे की छापील निर्देशातले गाणे आजोबांना येत नव्हते. कोणा जाणत्याने 'ते अमक्यासारखेच आहे' असे सांगितले आणि त्यांनी ते टिपून ठेवले. म्हणजे मूळ सूत्रावर हे भाष्य झाले. आज त्या पेन्सिलीने लिहिलेल्या गाण्यांपैकीही बहुसंख्य प्रस्तुत लेखकाला येत नाहीत. सूत्र गेले, भाष्यही गेले. उरली ती दोन मुकी अक्षरे, एक शाईची आणि एक शिशाची.

ज्यांच्या गळ्यांनी ह्या चाली महाराष्ट्रभर नेल्या त्यांच्यात भाऊराव कोल्हटकरांचे स्थान पहिले. १८८२ साली 'सौभद्रा'च्या वेळी ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढे शकुंतलाही झाले. फेब्रुवारी १९०१ मध्ये ते वारले. भारतात ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली. एवढ्या थोड्या अंतराने तो आवाज आपल्याला कायमचा अंतरला. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा 'शाकुंतला'ला पाव शतक होऊन गेले होते, आणि त्या अवधीत चालींनाही गायकागणिक वळणे पडली असणार, हे मौखिक परंपरा जाणणाऱ्याला सांगावयास नको. जुन्या पदांची जी मुद्रणे उपलब्ध आहेत ती अशा रीतीने नंतरच्या पाठाची आहेत. मूळ पाठाची नव्हेत.

नंतर नाटकाची रीतही पालटली. १८९६ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनया'त पारशी-गुजराती रंगभूमीवरील चालींचे नवे वळण आणले. १९११ साली 'मानापमाना'च्या पदांना गोविंदराव टेंबे ह्यांनी आणि १९१६ साली 'स्वयंवरा'च्या पदांना भास्करबुवा बखले ह्यांनी चाली दिल्या. म्हणजे शब्द खाडिलकरांचे आणि सूर दुसऱ्याचे, अशी विभागणी झाली. भास्करबुवांनीही ख्यालगायनातील कित्येक बंदिशी मुळाशी ठेवल्या होत्या. परंतु श्रोत्याच्या दृष्टीने आता 'संगीत अमक्याचे' ही कल्पना रूढ झाली. त्याबरोबर 'चालीवर' रचणाऱ्या अण्णासाहेबांकडे मागील पिढीचे भाबडे कारागीर म्हणून पाहण्याची दृष्टीही आली.

पार्टिटूर असती म्हणजे सर्व सुरक्षित राहिले असते, असेही समजू नये. आल्फानोच्या ऑपेराची कथा येथे बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात तिच्या वाद्यवृंदाची पार्टिटूर नष्ट झाली असे मानले गेले. वृद्ध आल्फानोने सारे वाद्यलेखन पुन्हा सिद्ध केले, आणि १९५२ साली हा नवा पाठ रोममध्ये रंगभूमीवर आला. पुढे रचनाकार वारला, आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात मूळ पार्टिटूर रिकोर्दी ह्या प्रकाशनसंस्थेच्या दप्तरात सापडली. आता त्या एका ऑपेराचे दोन पाठ झाले आहेत, दोन्ही कर्त्याच्याच हातचे. अंगठी हरवावी, स्मृती जावी आणि पुढे अंगठी सापडून सत्याची ओळख पटावी, हे कथानक असलेल्या नाटकाच्या पार्टिटूरला तेच भोग भोगावे लागले. परंतु त्यांना अंगठी सापडली. आपल्या चालींची अंगठी एखाद्या दप्तरात पडून राहिलेली नाही. ती होती माणसांच्या कानांत.

८

मग आपण काय करावयाचे? महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. शेकडो पोथ्यांतील पाठ ताडून, कोणता जुना, कोणता नवा, कोणता कोठून निघाला हे ठरविण्याची शिस्त ह्या शहराने जगाला दाखविली. तीच शिस्त चालींना लावता येणे शक्य आहे. 'शाकुंतल', 'सौभद्र' आणि अपूर्ण राहिलेले 'रामराज्यवियोग' ह्या तिन्ही नाटकांच्या आवृत्तींतील चालींचे निर्देश एकत्र करावे. प्रत्येक निर्देशातील गाणे कोणत्या परंपरेतील, कोणत्या भाषेतील, ते अन्यत्र कोठे आढळते ह्याचा माग घ्यावा. कीर्तनकारांच्या वह्या, कानडी आणि उर्दू नाटकांची जुनी पुस्तके, घरोघरच्या पेन्सिलीच्या टिपा तपासाव्या. आणि साकी-दिंडी म्हणणारी जी वयोवृद्ध माणसे आज आहेत त्यांच्याकडून त्या ध्वनिमुद्रित करून घ्याव्या. ह्यातील शेवटचे काम प्रथम करावयास हवे, कारण पोथ्या थांबतील, माणसे थांबणार नाहीत.

हे काम संगीताच्या विद्यार्थ्यांचे आहे, आपले नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याला कालिदासच उत्तर देतो. पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकू येते, तेव्हा विदूषक राजाला विचारतो की, गीताचा अक्षरार्थ कळला ना? राजाला तो कळतो. राणीने गीतातून दिलेला टोमणा त्याच्या ध्यानात येतो, आणि तो हसून ते प्रकरण मिटवितोही. परंतु त्यानंतर तो एकाएकी बेचैन होतो, आणि का ते त्याला उमगत नाही. मधुर सूर कानी पडले असता सुखी माणूसही व्याकुळ होतो, तेव्हा मनाला ज्याचा उलगडा होत नाही असे काही जुने प्रेम त्याला आठवत असले पाहिजे, असे तो स्वतःशी म्हणतो. शकुंतला त्याच्या स्मरणातून गेलेली असते. पण चालीला ती ठाऊक असते.

'शाकुंतला'च्या छापील पुस्तकात आज आपल्याला अक्षरार्थ तेवढा मिळतो. तो विदूषकाला पुरेसा होता, राजाला नव्हता. त्या विद्यार्थिनीला दिलेले उत्तर म्हणूनच आता थोडे दुरुस्त करावयाचे आहे : 'शाकुंतला'चे संगीत अण्णासाहेबांचे, आणि ज्यांच्या कानांवर भरवसा ठेवून त्यांनी त्या एकेका ओळीवर काम भागविले त्या श्रोत्यांचेही. पहिला वाटेकरी १८८५ साली गेला. दुसऱ्याचे वारस आपण आहोत.